निचरा झाला, आता खताचं काय? कृष्णाकाठच्या सुधारलेल्या जमिनींसाठी खुले पत्र

प्रति,
कृषी विज्ञान विद्यापीठ, धारवाड येथील मृदाशास्त्रज्ञ,
आणि बेळगाव जिल्ह्यातील सर्व कृषी अधिकारी

स.न.वि.वि.

मी कागवाड तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावची शेतकरी. कृषी पदवी घेतली आणि घरच्या शेतीतच राहिले. रान आणि गोठा दोन्ही माझ्याकडेच आहे, त्यामुळे धान्याइतकीच वैरणीची काळजी मला असते. हे पत्र एकाच मागणीसाठी लिहीत आहे. क्षारपड (मीठ फुटलेली) आणि चोपण (सोडियमने घट्ट झालेली) जमीन निचरा करून, जिप्सम म्हणजे कॅल्शियम देणारं खनिज टाकून पुन्हा पिकाखाली आली, की पहिली तीन वर्षं शाळू (रब्बी ज्वारी), गहू, मका आणि वैरणीच्या पिकांना कोणतं खत, किती आणि कधी द्यायचं याचं वेगळं वेळापत्रक करा. ते आमच्या काळ्या जमिनीत तपासून करा आणि आमच्या हाती द्या.

जमीन कशी बिघडली हे आपल्याला नव्याने सांगायला नको. नदीवर मोटारी बसल्या, पाइपलाइनी आल्या, बारमाही ऊस आला आणि आलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट राहिली नाही. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठची गावं असोत की हिडकलच्या कालव्याखालचा रायबाग-गोकाकचा पट्टा, गोष्ट तीच. उन्हाळ्यात रानावर पांढरं मीठ फुटतं आणि पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत रुततो. 2019 आणि 2021 च्या महापुरांनी त्यात भर घातली. पाणी उतरलं तरी कितीतरी रानं चिबड म्हणजे पाणथळच राहिली.

आता गेल्या काही वर्षांत या पट्ट्यात जमिनीखालच्या निचऱ्याची कामं झाली आहेत. उगार बुद्रुकच्या बाजूला मोठ्या क्षेत्रावर झाली. नदीपलीकडे शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन केली. तीन-चार फूट खोल सच्छिद्र पाइप घालायचे, ते मुख्य पाइपला जोडायचे आणि खारं पाणी ओढ्याला सोडायचं. ज्या रानात वर्षानुवर्षं बाभळीशिवाय काही उगवत नव्हतं तिथे आज पीक उभं आहे. हे काम करणाऱ्या अभियंत्यांचे आणि त्यासाठी कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे.

पण पाइप घालून झाले, बिल भागलं, की सगळे निघून जातात आणि शेतकरी एकटा उरतो. त्याला वाटतं, जमीन सुधारली म्हणजे ती आता शेजारच्या चांगल्या रानासारखी झाली. तो लगेच उसाची लागण करतो आणि शेजारी टाकतो तेवढंच खत टाकतो. गल्लत इथे होते.

आधी पिकाचं बोलते, कारण खताचा हिशेब पिकापासून सुरू होतो. मातीत मीठ किती हे विद्युत वाहकतेवरून कळतं. माती पाण्याने पुरती भिजवून काढलेल्या अर्काची, म्हणजे संपृक्त अर्काची वाहकता मोजली, तर उसाचं उत्पादन 1.7 डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे घटायला लागतं. मक्याचंही 1.7 लाच. गहू 6 पर्यंत, ज्वारी 6.8 पर्यंत आणि सातू म्हणजे बार्ली 8 पर्यंत उत्पादन न घटता तग धरते. हे आकडे जगभर वापरले जातात आणि आपल्या विभागातल्या कोणालाही ते नवे नाहीत. मग सुधारणेच्या पहिल्या वर्षी, खार अजून पूर्ण धुपलेला नसताना, ऊस किंवा मका का लावायचा? पहिली दोन-तीन वर्षं शाळू, गहू, कडवळ (वैरणीची ज्वारी) यांचीच. मका तिसऱ्या वर्षी, तोही माती तपासून. लसूणघासाची तर घाईच करू नये, त्याची मर्यादा 2 ची आहे आणि रोप असताना तो त्याहूनही नाजूक असतो. आमच्या भागात शाळू अंगवळणी पडलेलं पीक आहे, खपली गव्हाची परंपरा आहे, आणि आपल्याच विद्यापीठाने डीडीके 1025, डीडीके 1029 असे खपलीचे वाण दिलेले आहेत. बियाण्याची अडचण नाही. या पिकांना सुधारलेल्या जमिनीत खत कसं द्यायचं, तेवढा कागद नाही.

कागद म्हटला की मृदा आरोग्य पत्रिका आली. 2015 साली ही योजना सुरू झाली आणि तिने शेतकऱ्याला माती तपासायची सवय लावली, हे मी मनापासून मानते. पण त्या पत्रिकेत बारा गोष्टी असतात: सामू (पीएच), विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. चोपण जमिनीचा खरा रोग ज्यावरून कळतो, ते विनिमययोग्य सोडियमचं, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचं प्रमाण त्यात नाही. जिप्सम किती लागेल तेही नाही आणि मुक्त चुनखडीही नाही. म्हणजे ज्या तीन आकड्यांवर आमची सगळी मदार, तेच तिन्ही गैरहजर. शिवाय वाहकता मोजतात ती माती आणि पाण्याच्या पातळ द्रावणात. भारी काळ्या मातीत संपृक्त अर्काचा आकडा त्याच्या दुपटीहूनही जास्त निघतो. पत्रिकेवर एकच्या आतला आकडा आणि पुढे 'सामान्य' असा शेरा बघून शेतकरी निर्धास्त होतो, आणि उगवण मात्र ठिगळ-ठिगळ येते.

खारवट आणि चोपण हे दोन वेगळे रोग आहेत. खारवट जमिनीत मीठ असतं, पाणी आणि निचरा मिळाला की ते धुऊन जातं. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणाला चिकटून बसतो. तो काढायला कॅल्शियम लागतो आणि मगच पाणी. पुस्तकात चोपण जमिनीची रेघ 15 टक्के सोडियमवर ओढलेली आहे. आमच्या फुगणाऱ्या काळ्या मातीत पाच-सहा टक्क्यांवरच पाणी मुरायचं मंदावतं, ढेकूळ दगडासारखं होतं आणि पावसानंतर वर पापडी धरते. चुनखडी जास्त असेल तर जिप्समचा गुण कमी येतो आणि मूलद्रव्य गंधकाचा विचार करावा लागतो. हे सगळं न बघता एकच मात्रा सगळ्यांना लिहून देणं बरोबर नाही. खताचं वेळापत्रक करताना निदान तीन प्रकार वेगळे धरा: नुसती खारवट, नुसती चोपण, आणि दोन्ही असलेली.

आता रानात काय दिसतं ते सांगते, कारण प्रयोगशाळेत बसून ते दिसणार नाही. निचरा झालेल्या रानात पहिल्या वर्षी शाळू पेरा आणि महिना-दीड महिन्याने बांधावर उभं राहून बघा. पाइपाच्या ओळीवर पीक काळंभोर, कमरेला लागलेलं. दोन पाइपांच्या मधोमध तेच पीक गुडघ्याला, खालची पानं शेंड्याकडून पिवळी पडत आलेली. मग पुन्हा पाइप, पुन्हा काळंभोर. सगळ्या रानात असे पट्टे. वाण एक, पेरणी एका दिवसाची, खत एकाच हाताचं. फरक पडला तो मीठ कुठवर धुपलं याचा. आणि मातीचा नमुना घेताना आम्हाला शिकवलं जातं की शेतात नागमोडी चालून आठ-दहा जागची माती एकत्र करा. पाइपावरची आणि मधल्या पट्ट्यातली माती अशी एकत्र झाली की जो आकडा येतो तो रानात कुठल्याच जागी खरा नसतो. निचऱ्याच्या रानात दोन नमुने वेगळे हवेत, पाइपावरचा एक आणि मधला एक. खोलीही नुसती सहा इंचांची पुरत नाही, दोन फुटांपर्यंत टप्प्याटप्प्याने माती काढायला हवी. एवढी एक सूचना जरी आपण काढलीत तरी शिफारशी निम्म्याहून अधिक सुधारतील असं माझं मत आहे.

नत्राचं मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण पैसा तिथेच सर्वांत जास्त वाया जातो.

सुधारलेल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब फार कमी असतो. वर्षानुवर्षं तिथे काही उगवलंच नाही तर पाला-मुळी कुठून येणार? मातीच्या पोटातून मिळणारं नत्र जवळजवळ नसतंच. त्यातून सामू साडेआठच्या वर. युरिया मातीत पडला की त्याचं अमोनियात रूपांतर होतं आणि इतक्या अल्कधर्मी मातीत तो अमोनिया वायू होऊन उडून जातो. युरिया ओल्या रानावर फेकून दिला आणि वर कडक ऊन असेल तर नुकसान सर्वांत जास्त. कर्नालची केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था 1969 पासून या प्रश्नावर काम करते आहे. तिने चोपण जमिनीतल्या गव्हाला नेहमीच्या हेक्टरी 120 किलोऐवजी 150 किलो नत्राची शिफारस केली. एकराच्या भाषेत सांगायचं तर 48 किलोऐवजी 60 किलो. 45 किलोच्या युरियाच्या पोत्यात 20.7 किलो नत्र असतं, म्हणजे वाढ एकरी साधारण अर्ध्या पोत्याहून थोडी जास्त. हे वाढीव नत्र कशासाठी, ते कसं विभागून द्यायचं, हे नीट सांगितलं तरच उपयोग. नाहीतर शेतकरी 'सुधारलेल्या जमिनीला जादा युरिया' एवढंच ऐकेल आणि दोन पोती एकाच दिवशी फेकून येईल.

निचरा असलेल्या रानात नत्र जायला दुसरी वाटही आहे. खार धुवायला आपण पाणी कोंडतो, ते मातीतून झिरपून पाइपात जातं आणि ओढ्याला लागतं. मीठ जातं, तसंच नायट्रेटही जातं. खार धुण्याआधी किंवा धुताना टाकलेलं नत्र हे नदीला दिलेलं नत्र आहे. क्रम असा हवा: आधी जिप्सम वरच्या तीन-चार इंचांत मिसळून, पाणी कोंडून खार धुणं, मग रान वाफशावर येऊ देणं, मग पेरणी आणि खताचा पहिला हप्ता. पेरणीला अर्धं नत्र, उरलेलं दोन हप्त्यांत, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास. प्रत्येक हप्ता ओळीच्या कडेने, मातीआड, आणि त्यानंतर हलकं पाणी. भरपूर पाणी दिलं की पुन्हा पाइपातून नदीला. बियाण्याबरोबर एकाच नळीतून युरिया पेरू नये, खारट मातीत कोंब तिथेच करपतो. हे सगळं आम्ही करू शकतो. कुरीला दोन चाडी लावणं किंवा कोळप्याने माती ओढणं आम्हाला जड नाही. फक्त ते आमच्या शाळूसाठी आणि आमच्या मातीसाठी कोणीतरी मोजून, तपासून सांगायला हवं. कर्नालची जमीन गाळाची, पंजाब-हरियाणाची. आमची काळी, चिकट, फुगणारी. तिथला आकडा इथे तसाच बसेल हे मी गृहीत धरत नाही, आपणही धरू नये.

याचं सर्वांत ठळक उदाहरण स्फुरदाचं आहे. उत्तरेकडच्या चोपण जमिनीत सोडियमबरोबर विरघळलेला स्फुरद भरपूर असतो, म्हणून तिथे सुधारणेनंतरची पहिली काही वर्षं गहू-भाताला स्फुरद दिला नाही तरी चालतं असं दिसलं. ते वाचून इथे कोणी 'डीएपी (स्फुरद आणि नत्राचं खत) बंद करा' म्हटलं तर चुनखडीच्या काळ्या जमिनीत पीक उपाशी राहील, कारण इथे चुना स्फुरदाला धरून बसतो. उलट बाजूने, दुकानदार प्रत्येक पेरणीला डीएपीचं पोतं लावतोच. माती न बघता दोन्ही चूक. माझा कल सिंगल सुपर फॉस्फेटकडे आहे. त्यात 16 टक्के स्फुरद आहे, सोबत गंधक आणि कॅल्शियम आहे, आणि मिठाचा भार सगळ्यात कमी. पोटॅशबद्दलही असंच: काळ्या जमिनीत पालाश बहुधा पुरेसा असतो आणि म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असतं. खारट रानात जे क्लोराइड काढायला पाइप घातले तेच पोत्यातून विकत आणून टाकायचं, हे थांबायला हवं. पालाश खरंच कमी निघाला तर सल्फेट ऑफ पोटॅश.

गंधकाचं थोडक्यात. एक टन जिप्सममधून दीडशे किलोच्या आसपास गंधक जमिनीत जातं. ज्याने एकरी टना-दोन टनाने जिप्सम टाकलं आहे त्याला वर गंधकाची वेगळी पिशवी कशाला? तरी दुकानात ती गळ्यात मारली जाते. शेतकऱ्याच्या हातात छापील वेळापत्रक असेल तर तो नाही म्हणू शकेल.

जस्ताचं तसं नाही, तिथे हात आखडता घेऊ नये. सुधारलेल्या जमिनीत जस्त हमखास कमी पडतं, कारण सामू जास्त असला की ते मुळाला मिळत नाही. मक्याची रोपं दोन-तीन आठवड्यांची झाली की पोग्यातली नवी पानं बघा. मधली शीर हिरवी, तिच्या दोन्ही बाजूंना बुडाकडून पांढरट रुंद पट्टे, आणि वाढ जागच्या जागी थांबलेली. आमच्याकडे लोक त्याला रोग समजून बुरशीनाशक मारतात. एकरी 10 किलो झिंक सल्फेट पेरणीआधी दिलं तर ही वेळच येत नाही. ते डीएपीत मिसळून देऊ नये, शेणखतात मिसळून द्यावं. चुनखडी जास्त असेल तर शाळूत लोहाचीही कमतरता येते, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. मग फेरस सल्फेटची फवारणी. हे दोन फोटो, पांढऱ्या पट्ट्यांचा आणि पिवळ्या पानाचा, वेळापत्रकाच्या कागदावर रंगीत छापा. शेतकरी वाचण्याआधी बघतो.

आता वैरण. आपल्या शिफारशींमध्ये वैरणीची पिकं नेहमी शेवटच्या पानावर असतात, म्हणून मी त्यांच्यासाठी इथे जागा घेते.

या सीमाभागातल्या कितीतरी घरांचा रोजचा खर्च दुधावर चालतो. उसाचं बिल वर्षातून येतं, दुधाचं दहा-पंधरा दिवसांनी. क्षारपड रानातून पहिल्या वर्षी धान्य आलं नाही तरी वैरण आली तर घर तगतं. म्हणून सुधारलेल्या जमिनीत कडवळ, संकरित नेपियर, ओट अशी पिकं मोठ्या प्रमाणात लागतात. वैरणीचा खताचा हिशेब मात्र धान्यापेक्षा वेगळा आहे. धान्य काढलं तर निदान धसकटं आणि मुळं रानात राहतात. वैरण अख्खी उचलून नेली जाते, आणि नेपियर तर वर्षात पाच-सहा वेळा. वाळलेल्या एक टन चाऱ्याबरोबर साधारण 10 ते 15 किलो नत्र आणि तितकाच किंवा त्याहून जास्त पालाश रानातून जातो. धान्याला पालाश बहुधा नको असं मी वर म्हटलं, ते नेपियरला लागू नाही. दोन-तीन वर्षांत तिथे पालाशाची तूट येणारच. शेण गोठ्यात साठतं, तिथून ते घरालगतच्या बागायतीला जातं किंवा द्राक्षबागेवाल्याला विकलं जातं. ज्या दूरच्या चोपण रानातून वैरण आली तिथे ते परत जात नाही. जमीन उभी करायची असेल तर शेणखत आधी त्या रानाला, एकरी चार-पाच टन, असं मी प्रत्येक बाईला सांगते. प्रत्येक बाईला अशासाठी म्हणते, की उकिरड्याचा निर्णय बहुतेक घरी बायकाच घेतात आणि आपल्या शिबिरांना बोलावणं मात्र पुरुषांना जातं.

यात धोका आहे तोही बोलायला हवा. कडवळाला भरपूर युरिया दिला, वरून पाण्याचा ताण पडला किंवा मिठाने वाढ खुंटली, की कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल वाढतं आणि धाटात नायट्रेट साठतं. सुधारलेल्या रानात या दोन्ही गोष्टी एकदम घडायची शक्यता चांगल्या रानापेक्षा जास्त, कारण मधल्या पट्ट्यातलं पीक नेहमीच ताणात असतं. त्याच्या फुटव्यांवर जनावर सुटलं तर पोट फुगून, धापा टाकून अर्ध्या तासात आडवं होतं. फुलोऱ्यावर येईपर्यंत कडवळ कापायचं नाही, खुरटलेला पट्टा वेगळा काढायचा, फुटव्यांत जनावर सोडायचं नाही. चारा वाळवला की हायड्रोसायनिक आम्ल कमी होतं, पण नायट्रेट वाळल्यावरही तसंच राहतं, हा फरक किती जणांना ठाऊक आहे? म्हणून वैरणीच्या वेळापत्रकात नत्राची वरची मर्यादा आणि शेवटचा हप्ता व कापणी यांच्यातलं अंतर ठळक अक्षरांत हवं. हे लिहिताना पशुसंवर्धन खात्याला सोबत घ्या. धारवाडलाच भारतीय गवत व चारा संशोधन संस्थेचं केंद्र आहे, डीएचएन-6 हे नेपियर तिथलंच. खारट जमिनीत त्याला कापणीगणिक किती खत लागतं, हे आपण आणि त्यांनी मिळून या पट्ट्यात तपासावं.

हिरवळीच्या खताबद्दल फार लिहीत नाही, कारण ते आपणच आम्हाला शिकवलंत. धैंचा 45 ते 50 दिवसांनी फुलोऱ्यात गाडला तर हेक्टरी 60 ते 80 किलो नत्र मिळतं, आणि चोपण जमिनीत तो ताग किंवा चवळीपेक्षा चांगला तग धरतो. अडचण बियाण्याची आहे. जूनच्या पहिल्या पावसाला पेरायचं बी मेमध्ये हातात पडलं पाहिजे. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रांत जिप्सम आणि झिंक सल्फेट सवलतीत मिळतं, त्यातही हीच विनंती: जिप्सम एप्रिल-मेमध्ये, रान रिकामं असताना मिळू द्या. पेरणी उरकल्यावर आलेलं जिप्सम गोठ्याच्या कडेला थप्पी लागून पडतं.

साखर कारखान्यांच्या प्रेसमडचं, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या मळीचं एक सांगायला हवं. सल्फिटेशन पद्धतीच्या कारखान्याचं प्रेसमड चोपण जमिनीला चांगलं, त्यात गंधक, कॅल्शियम आणि सेंद्रिय पदार्थ असतात. पण कुजवलेलं हवं. ओलं, कच्चं प्रेसमड थेट रानात टाकलं तर कुजताना तेच पिकाचं नत्र ओढून घेतं आणि पहिला शाळू पिवळा पडतो. आणि आसवनीचं (मद्यार्क कारखान्याचं) सांडपाणी 'फुकट खत' म्हणून सुधारलेल्या रानात सोडू देऊ नका. त्यात क्षार भरपूर असतात. लाखभर रुपये घालून बाहेर काढलेलं मीठ टँकरने परत आत येतं. यावर कृषी खात्याने गावोगावी स्पष्ट सूचना लावावी.

वेळापत्रक कन्नड आणि मराठीत, एकाच कागदाच्या दोन बाजूंना छापलं तर उत्तम. आमच्या गावांत दोन्ही भाषा बोलणारी माणसं एकाच बांधावर काम करतात. ज्या म्हाताऱ्यांच्या नावावर जमीन आहे त्यातले अनेक जण मराठीच वाचतात. खताच्या मात्रेत वाचण्याची चूक म्हणजे पिकाची चूक, एवढंच माझं म्हणणं. मात्रा हेक्टरीत न छापता एकरात आणि गुंठ्यात, किलोबरोबर पोत्यांत छापा.

आता प्रत्यक्ष काय करावं. मोठ्या योजनेची वाट बघू नका. कागवाड, अथणी, चिकोडी आणि रायबाग तालुक्यांत निचरा झालेली काही रानं निवडा, काही नदीकाठची आणि काही कालव्याखालची. शेतकऱ्याच्या रानातच, पाइपावर आणि मधल्या पट्ट्यात वेगवेगळे, नत्राच्या तीन-चार मात्रा लावा. जस्तासह आणि जस्ताशिवाय, शेणखतासह आणि शेणखताशिवाय बघा. शाळू, गहू आणि नेपियर, तीनच पिकं घ्या. पाइपातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात नायट्रेट किती, तेही मोजा, म्हणजे आमचं खत किती वाहून जातं आणि नदीला काय जातं हे दोन्ही कळेल. एका हंगामावर निष्कर्ष काढू नका, कारण अशी जमीन दर वर्षी बदलते. पहिल्या वर्षीचा आकडा तिसऱ्या वर्षी लागू पडणार नाही. तीन वर्षं त्याच जागी, त्याच शेतकऱ्याबरोबर राहा. तोवर, पुढच्या हंगामापुरतं, आज आपल्याला जे ठाऊक आहे त्यावरून एक तात्पुरता कागद काढा. तो अपुरा असला तरी दुकानदाराच्या तोंडी शिफारशीपेक्षा बरा असेल.

माझ्या रानातले दोन पट्टे, पाइपाच्या ओळीवरचा एक आणि मधला एक, या कामासाठी मी मोकळे ठेवते. बी, पाणी आणि मजुरी माझी. खताच्या मात्रा आपण ठरवा आणि मोजमापाला आपली माणसं पाठवा. बिनखताचा एक तुकडाही ठेवावा लागेल, त्याचं जे नुकसान होईल ते मी सोसेन. गावातल्या आणखी काही शेतकऱ्यांनीही जमीन द्यायची तयारी दाखवली आहे. शाळूची पेरणी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होते, म्हणून मातीचे नमुने ऑगस्टमध्ये, पाऊस उघडीप देईल तेव्हा घ्यावे लागतील. आपण तारीख कळवा. त्या दिवशी रानात पाणी कोंडलेलं नसेल आणि पाइपांच्या ओळींवर खुणेच्या काठ्या रोवलेल्या असतील.

आपली,
कृष्णाकाठची एक शेतकरी
कागवाड तालुका, जिल्हा बेळगाव